दुरुस्ती, पहिल्या पानावर

मंगळवारी सकाळी दहाला फोन वाजला तेव्हा मी आदल्या दिवशीच्या चुका गोळा करत बसले होते. तेच माझं काम. आमच्या दैनिकात दुसऱ्या पानाच्या तळाशी बोटभर जागा माझी होती, तिचं नाव 'दुरुस्ती'. मंत्र्याचं खातं चुकलं, मेलेल्या माणसाला 'उपस्थित होते' म्हटलं, नवरदेवाच्या फोटोखाली सासऱ्याचं नाव पडलं, की दुसऱ्या दिवशी मी तिथे माफी मागायची. बावीस वर्षं मी अम्मानमध्ये दुसऱ्यांच्या चुकांची माफी मागून पोट भरत होते. शिवाय छपाईला जाणारं प्रत्येक पान आधी माझ्या टेबलावर यायचं. मी हिरव्या शाईने खूण केल्याशिवाय त्याची प्लेट बनत नसे. माझ्या माघारी मला 'हिरवी सासू' म्हणायचे. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

फोनवर म्हातारा माणूस होता. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मी पेन खाली ठेवलं.

"तुमच्या पेपरने मला जितेपणी मारलंय," तो म्हणाला. "मी मिस्काल. गुसैनातांचा. पहिलं पान काढ, पोरी. खाली उजवीकडे बघ."

बघायची गरज नव्हती. बातमी मला पाठ होती. रविवारी दुपारी ऐन अल-शीह गावाबाहेर एका पिकअपने नायिफ नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला उडवलं. चालवणारा गाडी तिथेच टाकून डोंगरात पळाला. मुलगा तासभर रस्त्याच्या कडेला पडून होता, आणि तिथेच गेला. तो बुराइक घराण्यातला, शेख आयद यांचा नातू. बातमीचं शेवटचं वाक्य होतं: 'ही गाडी गुसैनात घराण्यातील मिस्काल यांची असून पोलीस चालकाचा शोध घेत आहेत.' वर गाडीचा मोठा फोटो, तिचं दार उघडं.

"गाडी तुमची नाही का?" मी विचारलं.

"चार वर्षांपूर्वी विकली. झरकाच्या एका माणसाला. मुखत्यारपत्रावर."

आमच्याकडे निम्म्या गाड्या अशाच विकल्या जातात. कचेरीतली रांग आणि फी कोणाला नको असते, म्हणून वकिलाकडे जाऊन मुखत्यारपत्र करायचं, किल्ली द्यायची, आणि मोकळं व्हायचं. कागदोपत्री गाडी जुन्याच मालकाची राहते. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला माहीत नव्हतं असं नाही. सोमवारी बातमीदाराने गाडीचा नंबर आणि मालकाचं नाव कळवलं, तेव्हा मी मोठ्या काळजीने परवाना कचेरीला फोन लावला होता. विचारलं, ही गाडी कोणाची? ते म्हणाले, मिस्काल गुसैनात. मी समाधानाने हिरवी खूण केली. गाडी चालवत कोण होतं, हे मी विचारलंच नाही. वाचणाऱ्यांनी मात्र नेमकं तेवढंच वाचलं.

दुपारी बाराला मिस्काल स्वतः ऑफिसात आले. डोळ्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, एका डोळ्यावर पांढरी पट्टी. त्यांनी खिशातून मुखत्यारपत्राची प्रत काढून माझ्यापुढे ठेवली. त्यावर झरकाच्या माणसाचं नाव होतं, बापाचं नाव होतं, पत्ता होता.

"हे छाप," ते म्हणाले.

"गाडी याने घेतली, एवढंच हा कागद सांगतो. रविवारी कोण चालवत होतं ते नाही सांगत."

"माझं नाव छापताना हे शहाणपण कुठे गेलं होतं?"

मी त्यांना खुर्ची दिली आणि तो कागद पुन्हा वाचला.

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. त्यांचा मुलगा बर्जस ऐन अल-शीहच्या शाळेत मास्तर. नायिफ त्याच्याच हाताखाली शिकलेला. सोमवारी बर्जसने त्याच्या जनाज्याला खांदा दिला होता. मंगळवारी पेपर गावात पोचला, आणि लोक म्हणायला लागले, काय काळजाचा माणूस आहे, खांदा देताना तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

अपघातात माणूस गेला तर आमच्याकडे त्याची एक रीत आहे. चालवणाऱ्याच्या घरची मोठी माणसं त्याच दिवशी मयताच्या दारी जातात, मान खाली घालून सूड थांबवायची मुदत मागतात. मुदत मिळते, आणि पुढे बहुतेक वेळा माफीही मिळते. अपघात अल्लाच्या हातचा. पण मरत्या पोराला टाकून पळणं, आणि पेपरात नाव आल्यावरही दारी न येणं, याला माफी नाही. बुराइक वाट बघत होते. आणि गुसैनात जाऊ शकत नव्हते, कारण मुदत मागणं म्हणजेच गुन्हा कबूल करणं.

"गेलो तर गुन्हेगार," मिस्काल म्हणाले, "आणि नाही गेलो तर निर्लज्ज गुन्हेगार. शेख आयदनी निरोप पाठवलाय. गुरुवारी सूर्य मावळेपर्यंत मी माझ्या पोरांचे हात धरून ठेवीन, म्हणाले. पुढे त्यांचे हात त्यांच्यापाशी. माझ्या घरातला सगळ्यात बरा माणूस बर्जस आहे, पोरी. बदल्यात मारायचा झाला तर घराण्यातला सगळ्यात बरा तोच निवडतात."

त्या दुपारी मी तीन फोन केले, जे सोमवारी करायला हवे होते. वकिलाने सांगितलं, मुखत्यारपत्र खरं आहे. डोळ्यांच्या दवाखान्याने सांगितलं, मिस्काल रविवारी दिवसभर त्यांच्याकडे खाटेवर होते. शाळेच्या मुख्याध्यापकांनी सांगितलं, बर्जस मास्तर पाच वाजेपर्यंत चाळीस पोरांची परीक्षा घेत वर्गात होते. मग मी संपादकांकडे गेले.

आमचे संपादक उस्ताज रासिम भोपळ्याच्या भाजलेल्या बिया सोलून खात सगळे निर्णय घ्यायचे. सालांचा ढीग बघून निर्णय किती कठीण आहे ते कळायचं. त्या दिवशी त्यांनी तीनच बिया सोलल्या.

"दुसरं पान. तुझी जागा. तीन ओळी."

"आरोप पहिल्या पानावर आहे, उस्ताज."

"आरोप नव्हे, बातमी. आणि पहिल्या पानावर आपण कधी माफी मागितलेली नाही. मी असेपर्यंत मागणार नाही."

मी लिहिलेल्या तीन ओळींतही त्यांनी हात घातला. बुधवारच्या अंकात छापून आलं ते असं: 'अपघाताच्या बातमीत उल्लेखिलेली गाडी यापूर्वीच विकली असल्याचे संबंधितांनी कळवले आहे.' वर दुधाच्या पावडरीची जाहिरात, खाली बुद्धिबळाच्या स्पर्धेचा निकाल. आणि मी भित्रटासारखी त्या पानावरही हिरवी खूण केली होती.

बुधवारी सकाळी साडेसातला मिस्कालांचा फोन घरी आला.

"तुझी दुरुस्ती पोचली," ते म्हणाले. "शेखांच्या शब्दाला न जुमानता पहाटे कोणीतरी बर्जसच्या छपरावरच्या पाण्याच्या टाकीला गोळी मारली. पाणी जिन्यावरून वाहतंय."

"बर्जस?"

"शाळेत गेला. घरी बस म्हटलं तर म्हणतो, बसलो तर कबूल केल्यासारखं होईल. लोक काय म्हणतायत सांगू? गुसैनातांनी ओळख लावून खुलासा छापून घेतला. आरोप पेपरच्या कपाळावर आणि खुलासा पेपरच्या पोटात, मग खरं कोणतं ते आंधळ्यालाही कळतं, असं म्हणतायत. कालपर्यंत निम्म्या गावाला शंका होती. तुझ्या तीन ओळींनी तीही घालवली."

मी फोन ठेवला आणि कपाटातून काळा झगा काढला. मयताच्या घरचा तिसरा आणि शेवटचा दिवस होता. आज सांत्वनाला कोणीही जाऊ शकत होतं. उद्या तंबू उतरणार होता.

माझा धाकटा भाऊ गालिब शाळेची बस चालवतो. त्याची एक जुनी मोटारही आहे. त्याला मी फक्त एवढंच म्हटलं, की एका मयताला जायचंय. अर्ध्या वाटेवर, वाळवंटातल्या रस्त्यावर, मी त्याला सगळं सांगितलं.

"हे घरी सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं," तो म्हणाला.

"म्हणूनच इथे सांगतेय."

पण त्याने गाडी वळवली नाही. माझ्या पिशवीत दोन कागद होते. एक सोमवारी मी तपासलेल्या पहिल्या पानाचं प्रूफ, माझ्या हिरव्या खुणेसकट. दुसरं ते मुखत्यारपत्र.

आधी मी बायकांच्या खोलीत गेले. नायिफची आई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या गुडघ्याखाली मंगळवारचा पेपर होता, गाडीचा फोटो वर येईल असा घडी घातलेला. ती वाचणारी नव्हती. तिला कोणीतरी वाचून दाखवलं असणार, आणि तेव्हापासून तिने तो कागद सोडला नसणार. तिने मला कोण, कुठली काही विचारलं नाही. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर आले. तिथे खरं बोलायची छाती मला झाली नाही, हे कबूल करते.

पुरुषांच्या तंबूत शे-सव्वाशे माणसं असतील. बाई आत आली तशी कुजबुज थांबली. गालिब माझ्या मागे, खालमानेने. शेख आयद मधोमध बसले होते, ऐंशीच्या पुढचे, दोन्ही हात काठीवर. मला बसायला जागा दिली, कडू कॉफीचा छोटा कप हातात दिला. मयताच्या घरी तो घोट घ्यायचा, मृताला दुवा द्यायची आणि उठायचं. मी कप माझ्यापुढे जमिनीवर ठेवला.

तंबूतला प्रत्येक माणूस त्या कपाकडे बघायला लागला. मागणं घेऊन आलेला माणूसच कप खाली ठेवतो, आणि शब्द मिळेपर्यंत पीत नाही. पण तो मोठ्या जमावाने आलेला पुरुष असतो. बाई नसते.

"कप उचल, पोरी," शेख म्हणाले. "इथे सांत्वनाला येतात. मागायला नाही."

"माझं ऐका, मग उचलते."

"कोण तू?"

"रुवैदा. सल्तच्या सुलैमान खातिरांची मुलगी. तुमच्या हातात जो पेपर आला, त्याच्या प्रत्येक पानावर शेवटची खूण माझी असते. मंगळवारी जे छापलं ती चूक माझी."

मी प्रूफ काढून त्यांच्यापुढे पसरलं. सगळं सांगितलं. परवाना कचेरीला काय विचारलं आणि काय विचारलं नाही. मंगळवारचे तीन फोन. दवाखाना, शाळा, वकील. 

"गुसैनातांनी पाठवलंय हिला," मागून एक तरुण म्हणाला. तो नायिफचा चुलतभाऊ होता, डोळे सुजलेले.

शेखांनी बोट वर करून त्याला गप्प केलं. "मला एक सांग. काल-परवा तुमच्या पेपरने सांगितलं, गुसैनात. आज तोच पेपर सांगतो, गुसैनात नाहीत. दोन्ही वेळा कागद तोच, शाई तीच. पहिल्या वेळी तुम्ही खोटं बोललात आणि आता खरं बोलताय, हे मी कशावरून धरू?"

बावीस वर्षं मी दुरुस्त्या लिहिल्या, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता.

"मग चालवत कोण होता?" चुलतभाऊ उभा राहिला. "गुसैनात नाही तर कोण? नाव सांग. नाव सांगितलंस तर खरी."

"माझ्या पिशवीत एक नाव आहे," मी म्हटलं.

गालिबने माझी बाही ओढली.

"ज्याने गाडी विकत घेतली त्याचं नाव. पोलिसांकडेही ते आहे, ते शोधतील. मी ते देणार नाही."

"का?"

"कारण सोमवारीही माझ्याकडे एक नाव होतं. कागदावरचं, पक्कं, सरकारी. मी ते दिलं आणि आज पहाटे एका मास्तराच्या घरावर गोळी चालली. हे नाव चालवणाऱ्याचं असेलही, नसेलही. मला माहीत नाही. माहीत नसताना एकदा बोलले. दुसऱ्यांदा नाही बोलणार."

"पिशवी घ्या तिची," चुलतभाऊ म्हणाला.

दोघे पुढे आले. गालिब मधे उभा राहिला. माझा भाऊ काही पैलवान नाही. मी पिशवी पोटाशी धरली. खरं सांगते, त्या क्षणी नाव देऊन टाकावं असं मला फार वाटलं. एक शब्द, आणि बर्जस सुटला असता, मी सुटले असते, गालिब घरी गेला असता. झरकाच्या त्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं. न पाहिलेल्या माणसाचं नाव देणं किती सोपं असतं ते मला सोमवारपासून चांगलं ठाऊक होतं.

शेखांची काठी जमिनीवर आपटली.

"माझ्या तंबूत, माझ्या नातवाच्या दुखवट्यात, पाहुणीच्या पिशवीला हात लावणार?" ते ओरडले नाहीत. पण ते दोघे जागच्या जागी थांबले आणि मागे सरले. शेख माझ्याकडे वळले. "नाव नको देऊस. पण मग तुझ्या शब्दाला जामीन कोण? पेपर जामीन राहत नाही. त्याला घर नाही, दार नाही, भाऊबंद नाहीत. उद्या हे खोटं ठरलं तर मी कोणाच्या दारात जाऊ?"

"माझ्या."

"बाई जामीन राहत नसते," कोणीतरी पुटपुटलं.

तिथे माझं डोकं फिरलं. माझा स्वभाव मुळातच वाईट आहे.

"बाईच्या हातची चूक चालली तुम्हाला," मी म्हटलं. "माझ्या एका खुणेवर तुम्ही विश्वास ठेवलात, बंदुका बाहेर काढल्यात. तेव्हा कोणी विचारलं नाही, ही खूण बाईची की पुरुषाची. आता तीच बाई समोर बसून सांगते आहे, तर तिचा शब्द चालत नाही?"

शेखांनी गालिबकडे बघितलं. "ही तुझी बहीण?"

"मोठी बहीण," गालिब म्हणाला.

"ही तुमच्या घराचं दार माझ्यासाठी उघडं ठेवते आहे. हे खोटं निघालं तर मी तुझ्या मुलांच्या दारात येईन. तू काय म्हणतोस?"

गालिबने घाम पुसला. "आमच्या घरात हिला नाही म्हणायची सोय कधीच नव्हती, हाजी. ती म्हणते ते मी म्हणतो."

शेखांनी त्या प्रूफावरच्या हिरव्या खुणेवर बोट ठेवलं.

"ज्याची अब्रू विनाकारण गेली त्याच्या छपरावर आम्ही पांढरं निशाण लावतो," ते म्हणाले. "तुमचं छप्पर म्हणजे ते पहिलं पान. जिथे खोटं होतं, तिथेच, तेवढीच जागा पांढरी सोड. माझी सून वाचत नाही. तिला गाडीचा फोटो दिसला होता, तिला पांढरंही दिसेल. खाली तुझं नाव, तुझ्या बापाचं नाव. उद्या दुपारच्या नमाजापर्यंत माझ्या हातात. मग मी माझ्या पोरांना आवरीन. आता पी कॉफी."

"उद्या छापून आल्यावर पिते," मी म्हटलं, आणि उठले. कप तसाच जमिनीवर राहिला.

चार वाजून दहा मिनिटांनी मी ऑफिसात पोचले. दक्षिणेला जाणाऱ्या आवृत्तीचं पहिलं पान पाचला प्लेटवर जायचं. खाली उजवीकडच्या त्याच चौकटीत त्या दिवशी सिमेंटच्या भावाची बातमी होती.

उस्ताज रासिमनी माझं सगळं ऐकून घेतलं. बियांची वाटी अर्धी झाली.

"पांढरी जागा म्हणजे काय ते कळतं तुला? लोक म्हणतील सरकारने बातमी कापली. दुपारपर्यंत माहिती खात्यातून फोन येईल, तुम्ही आमच्यावर आरोप करताय का म्हणून."

"खाली लिहिलंय ना, चूक माझी आहे म्हणून."

"तेच तर! पेपरकडून चूक होते, सित्त रुवैदा. माणसाकडून नाही. कोणाचं नाव आपण कधी टाकलंय? आज तुझं टाकलं, की उद्या प्रत्येक जण नाव मागेल, पहिलं पान मागेल."

"मागू दे. मग पहिल्या पानावर आपण जरा जपून लिहू."

"नाही. दुसऱ्या पानावर हव्या तर दहा ओळी घे."

मी माझ्या टेबलाशी गेले. पहिलं पान तिथे येऊन पडलं होतं. मी हिरव्या पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात टाकलं. चार पस्तीस झाले. चार चाळीस. छपाईचा फोरमन नजीब खालून वर आला, हात पुसत.

"पान, सित्त."

"संपादकांना विचार."

उस्ताज रासिमनी माझ्या टेबलावरून पान उचललं आणि आपल्या निळ्या पेनाने त्यावर सही केली. "घे. हे चालेल."

नजीबने पान उलटसुलट करून बघितलं. "उस्ताज, मी एकोणीस वर्षं फक्त हिरवी ओळखतो. निळ्यावर प्लेट घेतली आणि उद्या काही झालं तर माझी मान." मग त्याने पान परत टेबलावर ठेवलं, अगदी आदराने, आणि खुर्ची ओढून बसला.

घड्याळात चार सत्तेचाळीस झाले होते. दाराशी चार-पाच जण जमले होते आणि कोणीही कामाला जात नव्हतं. माझं लक्ष रासिमच्या हाताकडे होतं. वाटीत बिया नव्हत्या, तरी बोटं चाचपत होती.

"त्या मास्तराला खरंच काही होईल?" त्यांनी हळूच विचारलं.

"टाकीला गोळी लागलीये. टाकीच्या खाली त्याच्या मुली झोपतात."

"तुझं नाव छापलं की तू या पेपरची नाहीस. शनिवारपासून येऊ नकोस. मी दुसरं काही करू शकत नाही, वर मला जाब द्यायचाय."

"बरं," मी म्हटलं, आणि टोपण काढलं.

सिमेंट सातव्या पानावर गेलं. त्या चौकटीत पांढरं, आणि तळाशी चार ओळी: 'मंगळवारी या जागी माझी चूक छापली गेली. गाडी कोण चालवत होते हे मला माहीत नव्हते. गुसैनात घराण्यावर ठपका ठेवायला माझ्याकडे काहीही आधार नव्हता. यात लिहिलेल्या प्रत्येक शब्दाला मी जामीन आहे. रुवैदा सुलैमान खातिर.' मी हिरवी खूण करून पान नजीबच्या हातात दिलं. नंतर जिन्यावर बसून मी ढसाढसा रडले. बावीस वर्षांची नोकरी होती, आणि मला दुसरं काही येत नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही दोन अंक घेऊन परत ऐन अल-शीहला गेलो. तंबू उतरवलेला होता. शेख ओट्यावर बसले होते. त्यांनी पान डोळ्यांजवळ धरलं, दुसऱ्या एका नातवाकडून दोनदा वाचून घेतलं, मग ते घेऊन आत सुनेकडे गेले आणि मलाही बोलावलं.

नायिफची आई त्याच भिंतीला टेकून होती. शेखांनी जुना पेपर तिच्या गुडघ्याखालून सोडवला आणि नवा तिच्या हातात दिला. तिने पांढऱ्या चौकटीवरून बोट फिरवलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"इथे ती गाडी होती," ती म्हणाली.

"होती," मी म्हटलं. "चुकीचं नाव होतं. मी घातलेलं."

तिने मान वर करून मला नीट बघितलं, पहिल्यांदा.

"तीन दिवस मी मिस्कालला आणि त्याच्या पोराला शाप देत बसलेय," ती म्हणाली. "जेवले नाही, पण शाप दिले. आता मी शाप कोणाला देऊ?"

माझ्या पिशवीत ते नाव होतं. मी तिच्यापुढे खाली बसले, तिचे हात हातात घेतले आणि म्हटलं, "माहीत नाही, ताई. अजून माहीत नाही." तिने हात सोडवून घेतले नाहीत.

दुपारच्या नमाजानंतर शेख आयद घरच्या सहा माणसांना घेऊन बर्जसच्या घरी चालत गेले. चुलतभाऊही त्यांत होता, मी आणि गालिब मागोमाग. फुटक्या टाकीशेजारी त्यांनी एक वेळू उभा केला आणि त्याला ते पान बांधलं, पांढरी चौकट रस्त्याकडे करून. मग शेखांनी माझ्या हातात कप दिला. कॉफी कडू होती आणि गार झालेली होती. मी एका घोटात संपवली.

बाराव्या दिवशी पोलिसांनी माणूस पकडला. झरकाच्या माणसाने ती गाडी वर्षभरापूर्वीच पुढे विकली होती, तशीच, मुखत्यारपत्रावर. चालवणारा तिसऱ्याच गावचा. त्याच्या घरची माणसं खालमानेने शेखांच्या दारी आली आणि त्यांना मुदत मिळाली.

एकदा मी मुद्दाम झरकाला जाऊन तिथल्या त्या माणसाचं दुकान रस्त्यापलीकडून बघून आले. तो ट्रक रंगवतो. चार मुली आहेत, धाकटी दुकानात बसून ब्रश धूत होती. त्याचं नाव एका सकाळी शंभर माणसांपुढे माझ्या पिशवीत होतं, हे त्याला आजही माहीत नाही. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. ते नाव मी इथेही लिहिणार नाही.